भट्टीचें भांडें

मद्याचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार मद्याच्या गुणदोषांवर पानेंच्या पानें खर्च करतात. परंतु तें ज्या भांड्यांत शिजतें त्याची विचारपूस क्वचितच होते. वास्तविक कोणत्या देशांत कोणतें भांडें भट्टीवर चढलें, हें पाहिलें असतां तेथील निसर्ग, कारागिरी आणि राजसत्ता या तिहींचाही थोडाबहुत उलगडा होतो.

विलायतेंत जवाची बियर करणारास हा प्रश्न सरळ असे. जवाला मोड आणून तो वाळवावयाचा, भरडून ऊन पाण्यांत ठेवावयाचा, म्हणजे त्यांतील पिठाची साखर होते. मग तो गोड रस मोठ्या भांड्यांत उकळावयाचा. हें भांडें पूर्वीं तांब्याचें असे, इतकें कीं इंग्रज मद्यकार त्या भांड्यालाच ‘कॉपर’ म्हणूं लागले. आज घरीं बियर करणारे लोक बहुधा स्टेनलेस स्टीलचें भांडें घेतात, व रस ऊतूं जातो म्हणून तें सुमारें दीडपट मापाचें घेतात. त्यांची निवड येथेंच संपते.

खानदेशची गोष्ट निराळी. चोपडें, यावल, रावेर येथपासून शिरपूर, शहादें, अक्कलकुव्यापर्यंत सातपुड्याच्या उतरणीवर मोहाचें झाड आहे. त्याच्या फुलांत साखर आयतीच असल्यामुळें मोड आणण्याची खटपट नाहीं. वाळलीं फुलें पाण्यांत कांहीं दिवस आंबत ठेवलीं कीं रसायन तयार होतें. पुढें भट्टीवरील काम शिजविण्याचें नव्हे, गाळण्याचें. मद्यार्क ७८ अंशांवर व पाणी १०० अंशांवर उकळतें, या अंतरावर सारी विद्या उभी आहे. चुलीवर मडकें, त्याच्या तोंडावर दुसरें भांडें, सांध्यांना मातीचा लेप, बांबूची नळी, आणि नळीच्या टोकाशीं थंड पाण्यांत ठेवलेलें भांडें; एवढाच संसार. म्हणूनच भट्टी नाल्याकांठीं लागे. ‘पहिल्या धारेची’ हा आपल्या बोलींतील वाक्प्रचार याच नळीच्या तोंडून आला आहे. शिष्टजन तो हंसत वापरतात, पण त्याचें मूळ ठिकाण आठवत नाहींत.

ही रचना फार जुनी असावी. तक्षशिलेजवळील सिरकप व चारसड्याजवळील शैखान ढेरी येथें सांपडलेल्या मातीच्या भांड्यांवरून ऑल्चिन या संशोधकानें १९७९ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, मद्य गाळण्याची कला हिंदुस्थानांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं अवगत होती. सर्वच पंडितांना तें मान्य नाहीं. तथापि मातीच्या भांड्यानें हें काम होतें, याची साक्ष भिल्लांच्या भट्टीनें केव्हांच दिली आहे.

आतां गुणांचा विचार करूं. मडकें हळूहळू तापतें, त्यामुळें तळाशीं फुलें करपण्याची भीति कमी. परंतु तें सच्छिद्र असल्यानें थोडें मद्य स्वतःच पितें, आणि फुटतें. तांब्याचा हंडा झटकन तापतो, व वाफेंतील गंधकयुक्त दुर्गंधि तांबें शोषून घेतें, हा त्याचा मोठाच गुण. मात्र आंबट रसायनानें कल्हई नसलेल्या तांब्यावर कळंक चढतो, हें तांबटाला सांगावें लागत नाहीं. केवळ मद्याच्या दृष्टीनें निवड करावयाची तर आम्ही नीट घांसलेल्या तांब्यालाच कौल देऊं.

परंतु निवड मद्याच्या दृष्टीनें झालीच नाहीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें परवान्यावांचून मद्य गाळणें तर गुन्हा ठरलेंच, पण त्यासाठीं भट्टीचें साहित्य बाळगणें हाही गुन्हा ठरला. गांवोगांवच्या लहान भट्ट्या मोडून सरकारी देखरेखीखालीं मोठ्या कारखान्यांत दारू गाळावी व तेथेंच तिच्यावर कर बसवावा, असें हें धोरण. चार्ल्स प्रिचर्ड हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते. १८९२ च्या मोहा कायद्यानें तर फुलांवरही निर्बंध घालण्याची सोय केली. तांब्याचा हंडा ही मालमत्ता आहे. ती जप्त होते आणि मालकाकडे बोट दाखविते. मडकें लाथेसरशी फुटतें व त्याचें खापर ओढ्यांत मिसळून जातें. डोंगरांतील भट्टीवर मडकें टिकलें तें दारिद्र्यामुळें खरेंच, पण कायद्याच्या भयानेंही, असें आमचें मत आहे. आणि ज्या समाजांत देवाला व पितरांना मोहाची धार वाहिल्यावांचून कार्य पुरें होत नसे, त्याला हें भय घरांतल्या देवापर्यंत पोंचलेलें वाटलें असल्यास नवल नाहीं.

याच्या उलट बाजूचीही नोंद केली पाहिजे. सावकार व दारूचा मक्तेदार यांच्या कचाट्यांत भिल्लांच्या जमिनी गेल्या, हेंही तितकेंच खरें. १९३७-३८ च्या सुमारास तळोदें तालुक्यांत मोरवड येथील गुलाम महाराजांनीं मद्यत्यागाचा उपदेश केला, तेव्हां हजारों लोक आरतीला लोटले. सरकारी शिपायाला जें साधलें नाहीं तें एका भिल्ल साधुपुरुषाच्या शब्दानें पुष्कळ अंशीं साधलें.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यांतही भट्टी, भांडीं, अवजारें हीं शब्दशः आलीं आहेत. पण भांडें मात्र बदललें. आधीं जर्मनचीं पातेलीं आलीं, मग पत्र्याचे डबे. डाग दिलेल्या जुन्या पत्र्यांतून शिसें मद्यांत उतरतें, व तें गिऱ्हाइकाच्या हाडांत सांचतें. मडक्याला हा दोष नव्हता. हल्लींच्या पंचनाम्यांत ‘गूळमिश्रित कच्चें रसायन’ आणि लोखंडी वा प्लास्टिकचे ड्रम यांचीच गणती असते. मोहाचें फूल व मडकें त्यांत क्वचितच आढळतें.