हक्कसोडपत्र

हक्कसोडपत्र म्हणजे स्थावर मिळकतीतील एखाद्या सहहिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा त्याच मिळकतीतील दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात कायमचा सोडून दिल्याचा लेखी व नोंदणीकृत दस्त होय. महाराष्ट्रात वडिलांच्या किंवा आईच्या मृत्यूनंतर शेतजमीन, घर अथवा सदनिका एका किंवा काही वारसांच्या नावे करण्यासाठी हा दस्त मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. बहुतेक वेळा हक्क सोडणारी व्यक्ती ही विवाहित मुलगी किंवा बहीण असते. वारसनोंदीसाठी लागणारी एक साधी सही, अशी या दस्ताची समजूत अनेक कुटुंबांत आढळते. प्रत्यक्षात वारसनोंदीसाठी हक्कसोडपत्राची आवश्यकता नसते आणि एकदा नोंदवलेला हक्कत्याग सोडणाऱ्याला एकतर्फी मागे घेता येत नाही.

स्वरूप

हक्कसोडपत्रात हक्क सोडणाऱ्यास 'लिहून देणार' व ज्याच्या लाभात हक्क सोडला जातो त्यास 'लिहून घेणार' म्हणतात. दस्त वैध होण्यासाठी पुढील बाबी आवश्यक मानल्या जातात.

• लिहून देणाऱ्याचा मिळकतीत दस्ताच्या दिवशी प्रत्यक्ष हक्क असला पाहिजे.
• लिहून घेणारा त्याच मिळकतीत सहहिस्सेदार असला पाहिजे.
• लिहून देणारा सज्ञान व सुदृढ मनाचा असावा आणि त्याची संमती स्वतंत्र असावी.
• दस्त योग्य मुद्रांकावर असावा व त्याची नोंदणी झालेली असावी.

हक्कसोडपत्र विनामोबदला किंवा मोबदला घेऊन करता येते. मोबदला ठरला असल्यास त्याची रक्कम व ती देण्याची रीत दस्तात नमूद करतात. 'पुढे पैसे देऊ' असे तोंडी आश्वासन देऊन दस्तात मात्र 'विनामोबदला, स्वखुशीने' असे लिहिले गेले, तर ते आश्वासन न्यायालयात सिद्ध करणे अवघड जाते. कारण लेखी दस्तातील अटींच्या विरोधात तोंडी पुरावा देण्यावर पुराव्याच्या कायद्याने मर्यादा घातली आहे. मोबदला घेऊन सोडलेला हक्क आयकराच्या दृष्टीनेही हस्तांतरण ठरू शकतो.

हक्क केव्हा सोडता येतो

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६(अ) नुसार भविष्यात वारसा मिळण्याची केवळ शक्यता हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाने किंवा मुलीने लिहून दिलेले हक्कसोडपत्र सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. त्या दिवशी सोडण्याजोगा हक्कच अस्तित्वात नसतो. मात्र भावी वारसाने मोबदला स्वीकारून हक्क न सांगण्याचे कबूल केले असेल, तर त्याचे वर्तन त्याला नंतर दावा करण्यास प्रतिबंध करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यम अली या प्रकरणात म्हटले आहे.

एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीची स्थिती वेगळी आहे. तेथे सहदायादाला जन्मतःच हक्क मिळत असल्याने वडील हयात असतानाही तो सोडता येतो. अज्ञान व्यक्तीच्या वतीने नैसर्गिक पालकाला हक्क सोडायचा असल्यास हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ नुसार न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

हिस्स्यांची मोजणी

एका हिंदू व्यक्तीचा मृत्युपत्र न करता मृत्यू झाला. तिच्या नावे ५ एकर स्वकष्टार्जित जमीन असून मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत आणि तिची आई हयात नाही, असे मानू. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार हे पाचही जण पहिल्या वर्गातील वारस असल्याने प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांश, म्हणजे १ एकर (४० गुंठे) येतो. थोरल्या मुलीने आपला हिस्सा एका भावाच्या लाभात सोडला, तर त्या भावाकडे २ एकर होतात. इतर तिघांचे हिस्से बदलत नाहीत.

पुढे आईचाही मृत्युपत्राविना मृत्यू झाला आणि तिचा हिस्सा तोपर्यंत तिच्याकडेच असेल, तर तिच्या १ एकराचे चार समान भाग होतात. त्यातील १० गुंठे थोरल्या मुलीलाही मिळतात. तिने पूर्वी सोडला तो वडिलांकडून आलेला हिस्सा. आईकडून येणारा वारसा त्या वेळी निर्माणच झालेला नव्हता. हक्क सोडल्याने वारसाचे नाते संपुष्टात येत नाही.

तत्सम दस्तांशी तुलना

बक्षीसपत्राने मालक कोणालाही मिळकत देऊ शकतो. हक्कसोडपत्र मात्र सहहिस्सेदाराच्याच लाभात होते. ज्याचा मिळकतीत हक्क नाही अशा व्यक्तीच्या नावे 'हक्कसोडपत्र' या शीर्षकाचा दस्त झाल्यास त्याचा मजकूर पाहून तो बक्षीस किंवा अन्य हस्तांतरण आहे का, हे ठरवले जाते. दस्ताचे नाव निर्णायक नसते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने कुप्पुस्वामी चेट्टियार विरुद्ध अरुमुगम चेट्टियार (१९६७) या निकालात मांडले.

वाटणीपत्रात प्रत्येक सहहिस्सेदाराला मिळकतीचा निश्चित भाग मिळतो, तर हक्कसोडपत्रात सोडणाऱ्याकडे त्या मिळकतीचा कोणताही भाग उरत नाही. मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते व हयातीत कितीही वेळा बदलता येते. हक्कसोडपत्र निष्पादनापासून अमलात येते. आपसांतील कौटुंबिक समझोता तोंडीही होऊ शकतो. अशा झालेल्या समझोत्याची केवळ आठवण म्हणून केलेल्या लेखाला नोंदणी लागत नाही. परंतु लेखामुळेच हक्क निर्माण होत किंवा संपत असतील तर नोंदणी आवश्यक ठरते.

मुद्रांक व नोंदणी

स्थावर मिळकतीतील १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा हक्क संपुष्टात आणणाऱ्या दस्ताची नोंदणी, नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ नुसार सक्तीची आहे. नोंदणी नसलेला असा दस्त कलम ४९ मुळे मिळकतीवर परिणाम करत नाही. नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र, मुद्रांक कागदावरील संमतीपत्र किंवा तलाठ्यापुढे दिलेला जबाब यांनी हिस्सा सुटत नाही.

मिळकत ज्या दुय्यम निबंधकाच्या कार्यक्षेत्रात आहे तेथे, सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत दस्त सादर करावा लागतो. अपरिहार्य कारणाने उशीर झाल्यास दंड भरून आणखी ४ महिन्यांपर्यंत तो स्वीकारला जाऊ शकतो. नोंदणीच्या वेळी पक्षकारांची छायाचित्रे व अंगठ्याचे ठसे घेतले जातात आणि दस्तावरील सही आपलीच असल्याची कबुली द्यावी लागते.

महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुसूची १ मधील अनुच्छेद ५२ हक्कसोडपत्रास लागू होतो. वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी अशा निर्दिष्ट नातेवाइकांच्या लाभात सोडल्यास अल्प व ठरावीक शुल्क लागते. इतर बाबतींत ते खरेदीखताप्रमाणे आकारले जाते. दोहोंतील फरक मोठा असल्याने, मिळकत सवलतीस पात्र आहे का याबाबत शंका असल्यास दस्तापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय मागता येतो.

परदेशी राहणारे वारस पुष्कळदा भारतातील नातेवाइकास कुलमुखत्यारपत्र देऊन दस्त करतात. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्यात हक्क सोडण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असावा लागतो.

महसूल अभिलेखातील नोंद

खातेदाराच्या मृत्यूनंतर प्रथम वारसांची चौकशी होऊन वारस नोंदवहीत व फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) नोंद घेतली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्कप्राप्तीची वर्दी ३ महिन्यांत देणे अपेक्षित आहे. फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना दिली जाते, हरकती मागवल्या जातात व त्यानंतर नोंद प्रमाणित होऊन सातबारा उताऱ्यावर नावे चढतात. या टप्प्यावर सर्व वारसांची नावे लागू शकतात. हक्कसोडपत्र ही त्यानंतरची, ऐच्छिक व स्वतंत्र कृती आहे; ती झाल्यास दुसरा फेरफार होऊन सोडणाऱ्याचे नाव कमी होते.

सातबारावरील नोंद मुख्यतः महसुलाच्या प्रयोजनासाठी असते. ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जात असली, तरी तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही व संपतही नाही. म्हणून वारसनोंदीच्या वेळी बहिणींची नावे वगळली गेली असतील तर केवळ त्या कारणाने त्यांचा हिस्सा नष्ट होत नाही. याउलट, नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्यावर उताऱ्यावर नाव चुकून राहिले, तरी तेवढ्याने सोडलेला हिस्सा परत मिळत नाही.

मुलींचे हक्क व सामाजिक संदर्भ

महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून, २२ जून १९९४ पूर्वी विवाह न झालेल्या मुलींना सहदायादाचा दर्जा दिला. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहाची ही अट न ठेवता मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व हस्तांतरणे मात्र अबाधित राहिली. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय दिला.

कायद्याने मिळालेला हिस्सा प्रत्यक्षात हक्कसोडपत्राद्वारे पुन्हा भावांकडे जाण्याची प्रथा ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत आहे. लग्नात झालेला खर्च, सणावाराला होणारी साडीचोळी, माहेरचे येणेजाणे टिकावे ही इच्छा आणि हिस्सा मागणाऱ्या बहिणीविषयीचा रोष ही त्यामागची नेहमीची कारणे होत. लग्नखर्चामुळे किंवा हुंड्यामुळे वारसाहक्क कमी होतो, असे मात्र कायद्यात कोठेही नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. दुसऱ्या बाजूस, जमीन कसणाऱ्या व आईवडिलांना सांभाळणाऱ्या भावंडाच्या लाभात पूर्ण समजून-उमजून हक्क सोडणाऱ्या व्यक्तीही असतात. कायदा अशा स्वेच्छेच्या त्यागास मान्यता देतो.

दस्त रद्द करणे

नोंदणी झालेले हक्कसोडपत्र लिहून देणाऱ्याच्या केवळ अर्जाने रद्द होत नाही. मिळकत परत द्यायची असल्यास लिहून घेणाऱ्याने नवा दस्त करून ती हस्तांतरित करावी लागते. तो तयार नसल्यास दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार धाक, अनुचित प्रभाव, कपट किंवा चुकीचे निवेदन यांमुळे दिलेली संमती स्वतंत्र नसते व असा दस्त रद्द होण्यास पात्र ठरतो. 'बँकेच्या कर्जाचे कागद आहेत' किंवा 'वारसनोंदीचा अर्ज आहे' असे सांगून घेतलेली सही हे कपटाचे उदाहरण होय.

विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ३१ खाली असा दस्त रद्द करून मागता येतो. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५९ नुसार, रद्द करण्याचा हक्क देणारी वस्तुस्थिती प्रथम माहीत झाल्यापासून त्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे. फसवणुकीची जाणीव झाल्यावरही 'घरातला मामला' म्हणून थांबल्याने दावा मुदतबाह्य होऊ शकतो. फिर्यादीने फसवणुकीचा तपशील देऊन ती सिद्ध करावी लागते. तथापि निरक्षर किंवा पडदानशीन स्त्रीने लिहून दिलेल्या दस्ताबाबत, तिला मजकूर समजावून सांगितला होता हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयांनी लाभ घेणाऱ्यावर टाकलेला आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. सही करण्यापूर्वी दस्ताचा अर्थ समजून घेण्यासाठीही तेथे सल्ला घेता येतो.

गोव्यातील स्थिती

गोव्यात वारसा हा विषय धर्मनिहाय कायद्यांऐवजी पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या समान कायद्याखाली येतो. सध्या तेथे गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ लागू आहे. वारसा सोडण्याचा लेख तेथे विशेष नोटरीसमोर सार्वजनिक दस्ताच्या स्वरूपात केला जातो. त्यामुळे महाराष्ट्रातील हक्कसोडपत्राचा नमुना गोव्यातील मिळकतीसाठी जसाच्या तसा वापरता येत नाही.