मिनी बार : खोलीतले दुकान आणि त्यातल्या फ्रिजची मर्यादा

हॉटेलच्या खोलीत सामान ठेवून झाले, की घरातील कोणीतरी टेबलाखालचे लाकडी दार हमखास उघडून पाहते. आत एक लहानसा फ्रिज असतो. शीतपेयांचे डबे, चॉकलेट, खारे काजू, पाण्याच्या बाटल्या आणि हॉटेलकडे परवाना असल्यास मद्याच्या वीतभरही उंच नसलेल्या बाटल्या त्यात नीट मांडलेल्या असतात. 'चला, घरून आणलेले श्रीखंड इथे ठेवता येईल,' असे म्हणत दोन डबे बाहेर येतात आणि श्रीखंड आत जाते. या साध्या कृतीत दोन गैरसमज दडलेले आहेत. हा फ्रिज आपल्या वापरासाठी आहे, हा पहिला. आणि तो घरच्यासारखा फ्रिज आहे, हा दुसरा. मिनी बार हे वस्तुतः खोलीत मांडलेले दुकान आहे आणि त्याचे शीतयंत्र बाटली गार राखण्यापुरतेच घडवलेले असते. श्रीखंडाच्या बाबतीत ही चूक फार तर पोटावर बेतते. पाहुण्याच्या पिशवीत इन्सुलिन असेल, तर मात्र प्रश्न गंभीर होतो.

हाँगकाँगचा धडा

मिनी बारचा जन्म १९६० च्या दशकातला. जर्मनीतील सिगास या कंपनीने तो तयार केला आणि वॉशिंग्टनच्या मॅडिसन हॉटेलसारख्या मोजक्या महागड्या ठिकाणी तो दिसू लागला. त्याचे खरे भाग्य उजळले ते १९७४ मध्ये. त्या वर्षी हाँगकाँगच्या हिल्टन हॉटेलने आपल्या ८४० खोल्यांमध्ये मद्याने भरलेले मिनी बार बसविले. खोलीतील पेयांची विक्री कित्येक पटींनी वाढली आणि जगभरच्या हॉटेलांनी हा कित्ता गिरवला. रात्री अकरा वाजता फोन करून, कपडे बदलून, वेटरसाठी दार उघडण्यापेक्षा हाताशी असलेली बाटली उचलणे सोपे, ही मानवी स्वभावाची बाजू त्या हॉटेलने अचूक ओळखली होती.

किंमत मात्र त्या सोयीची लावली जाते. बाजारात मिळणाऱ्या शेंगदाण्याच्या पुडीला इथे दुप्पट-तिप्पट दर का, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. त्याला हॉटेलवाल्यांचे उत्तर अगदीच पोकळ नाही. प्रत्येक खोलीत रोज माणूस पाठवून वस्तू मोजाव्या लागतात, मुदत संपलेला माल काढावा लागतो, आणि 'आम्ही काहीच घेतले नाही' असे सांगून निघून गेलेल्या पाहुण्यांचा तोटाही कुठेतरी भरून काढावा लागतो. व्होडका पिऊन बाटलीत पाणी आणि व्हिस्की पिऊन कोरा चहा भरून ठेवणारे महाभाग या व्यवसायातील सर्वांना परिचित आहेत. हा खटाटोप परवडेना, म्हणून गेल्या दशकभरात अनेक हॉटेलांनी मिनी बार बंद करून नुसता रिकामा फ्रिज ठेवणे पसंत केले; करोनाकाळातील स्वच्छतेच्या धास्तीने त्याला आणखी गती मिळाली. त्यामुळे आज दार उघडल्यावर आत काय दिसेल याचा नेम नाही. रिकामा फ्रिज दिसला, तर तो निःशंकपणे आपला समजावा. भरलेला दिसला, तर मात्र आधी दरपत्रक शोधावे.

उचलले की विकत घेतले?

हिशेबाच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत विश्वासाची. कर्मचारी दिवसातून एकदा येऊन मोजदाद करतो, कमी झालेल्या वस्तू बिलात चढवतो आणि जागा पुन्हा भरतो. शेवटच्या सकाळी हॉटेल सोडताना रिसेप्शनवर 'मिनी बारमधून काही घेतले का?' असे विचारले जाते, ते याचसाठी. या पद्धतीत चूक होते ती बहुधा आधीच्या पाहुण्यामुळे. त्याने फोडून परत ठेवलेले पाकीट किंवा संपविलेली बाटली कर्मचाऱ्याच्या नजरेतून सुटली, तर ती दुसऱ्या दिवशी आपल्या नावावर लागते. म्हणून खोलीत शिरताच पाच मिनिटे खर्च करून यादी आणि वस्तू ताडून पाहाव्यात, झाकणांचे सील तपासावे आणि काही कमी असल्यास लगेच फोन करून कळवावे. मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवले, तर उत्तम. हा संशयीपणा नव्हे. किराणा दुकानदाराकडूनही आपण यादी ताडूनच सामान घेतो.

दुसरी पद्धत यंत्राची. काही मोठ्या हॉटेलांत प्रत्येक वस्तूखाली वजनाचा किंवा समोर अवरक्त किरणांचा संवेदक असतो. वस्तू जागेवरून हलली आणि ठराविक सेकंदांत परत आली नाही, की ती विकली गेली असे गृहीत धरून संगणक रक्कम खोलीच्या खात्यावर टाकतो. अमेरिकेतील लास वेगासच्या बड्या हॉटेलांत ही पद्धत विशेष रुळलेली आहे. आपली वस्तू त्या फ्रिजमध्ये ठेवल्याबद्दल वेगळे शुल्क आकारणारी हॉटेलेही तिथे आहेत. वरच्या उदाहरणातील श्रीखंड अशा खोलीत ठेवले असते, तर बाहेर काढलेले दोन्ही डबे न पिताच बिलात आले असते. अर्थात, अशी रक्कम निषेध नोंदविल्यावर बहुतेक ठिकाणी काढून टाकली जाते. पण त्यासाठी बिल वाचावे लागते, आणि विमान गाठण्याच्या घाईत आपण नेमके तेच करत नाही.

पाण्याच्या बाटल्यांबाबत स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण सर्वाधिक वाद तिथेच होतात. आपल्याकडील बहुतेक चांगल्या हॉटेलांत रोज दोन बाटल्या मोफत असतात आणि त्यांच्या गळ्यात तशी चिठ्ठी असते. शेजारीच उभी असलेली काचेची देखणी बाटली मात्र अनेकदा विकतची असते. चिठ्ठी नसलेली बाटली उघडण्यापूर्वी विचारून घ्यावे.

छापील किमतीचा प्रश्न

'बाटलीवर वीस रुपये छापले आहेत, तुम्ही दीडशे कसे लावता?' हा सवाल न्यायालयापर्यंत गेला आहे. हॉटेल व रेस्टॉरंट संघटनांच्या महासंघाने केंद्र सरकारविरुद्ध दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी निकाल दिला. हॉटेलात ग्राहक केवळ पाणी विकत घ्यायला येत नाही, तेथील वातावरण आणि सेवा यांचाही लाभ घेतो. त्यामुळे हा निव्वळ वस्तुविक्रीचा व्यवहार नाही आणि सीलबंद पाण्यासाठी कमाल किरकोळ किमतीपेक्षा अधिक रक्कम घेण्यास वैधमापन कायद्याचा अडसर येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा एमआरपीच्या आधारे काउंटरवर भांडण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. कोणी वाढत नाही, कोणी पेला भरत नाही, पाहुणाच वाकून बाटली काढतो. मग यात सेवा ती कोणती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते खरे, परंतु ते मत झाले, कायदा नव्हे.

पाहुण्याचा हक्क वेगळ्या जागी आहे. दर आधी दिसला पाहिजे आणि न घेतलेल्या वस्तूचे पैसे मागता कामा नयेत. दरपत्रक नसेल तर ते मागावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क आपोआप जोडू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे उचलून धरली. कर मात्र टळत नाही. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो आणि चॉकलेट, शीतपेये यांवर जीएसटी; म्हणून एकाच मिनी बारचे दोन वेगळे हिशेब दिसले, तर ती चूक समजू नये. गुजरात आणि २०१६ पासून बिहार या दारूबंदीच्या राज्यांत हा दुसरा हिशेब उद्भवतच नाही.

कंपनीच्या कामासाठी फिरणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. खोलीभाडे आणि न्याहारी कंपनी भरते. मिनी बार बहुधा पाहुण्याच्या खिशातून जातो. खोली घेताना क्रेडिट कार्डावर रक्कम रोखून ठेवली जाते किंवा रोख अनामत घेतली जाते, आणि हॉटेल सोडल्यानंतर मोजदाद झाली तर फरक त्यातून वसूल होतो. म्हणून निघतानाच मिनी बारचा हिशेब पूर्ण करून अंतिम बिल हातात घ्यावे आणि पुढील महिन्याचे कार्डाचे विवरण एकदा नजरेखालून घालावे. हॉटेल दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तो फ्रिज इतका शांत का?

आता दुसऱ्या गैरसमजाकडे. मिनी बारचा फ्रिज रात्री घरघरत नाही, हे अनेकांच्या लक्षात आले असेल. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. मिनी बारमध्ये तो बहुधा नसतो. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधील दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोषण पद्धतीचा फ्रिज शोधला आणि इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो बाजारात आणला. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांतून फिरतात. अमोनियाचे बाष्पीभवन होताना आतली उष्णता शोषली जाते, पाणी ती वाफ शोषून घेते आणि मागच्या बाजूला दिलेल्या उष्णतेने अमोनिया पुन्हा मोकळा होतो. फिरणारा एकही भाग नाही, म्हणून आवाज नाही. झोपेच्या खोलीसाठी याहून सोयीचे यंत्र नाही.

या शांततेची किंमत थंडाव्यात मोजावी लागते. हे यंत्र दुबळे असते. कोमट बाटली गार व्हायला त्यात कित्येक तास लागतात. मागची उष्णता बाहेर पडायला वाट हवी असते, आणि फ्रिज तर लाकडी कपाटात बंद केलेला असतो. खोलीचे तापमान वाढले की आतलेही वाढते; मे महिन्यात वातानुकूलन बंद करून दिवसभर बाहेर हिंडलेल्या पाहुण्याला संध्याकाळी कोमट दही मिळते. त्यात काही हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढताच खोलीची वीज जाते आणि तिच्यासोबत फ्रिजचीही. कार्ड काढून, दिवे गेल्यावर फ्रिजचा दिवा लागतो का, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

शिजवलेले किंवा दुधाचे पदार्थ सुरक्षित राहण्यासाठी तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली हवे. मिनी बार तिथवर पोहोचेलच याची खात्री नाही. फळे, लोणी, चॉकलेट ठेवायला हरकत नाही. मासे, बाळासाठी काढून ठेवलेले दूध किंवा दोन दिवस पुरवायचे जेवण त्याच्या भरवशावर ठेवू नये.

इन्सुलिनचे थोडे तपशिलाने सांगायला हवे. न उघडलेल्या कुप्या व पेन २ ते ८ अंशांत ठेवावयाची असतात आणि ती गोठली तर निकामी होतात. म्हणजे धोका दोन्ही बाजूंनी आहे: दुबळ्या मिनी बारमध्ये ऊब आणि बर्फाच्या कप्प्याला वा थंड पत्र्याला चिकटल्यास गोठण. वापरात असलेले पेन मात्र साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. ही मर्यादा प्रकारानुसार २५ ते ३० अंशांपर्यंत असते व वेष्टनावर छापलेली असते. त्यामुळे तीन-चार दिवसांच्या मुक्कामासाठी वापरातले पेन फ्रिजमध्ये घालण्याची गरजच नसते. थंड, सावलीतील जागा पुरते. राखीव साठा असेल तर खोली आरक्षित करतानाच औषधासाठी घरगुती पद्धतीचा फ्रिज मागावा, किंवा साठा नाव लिहिलेल्या पिशवीत घालून हॉटेलच्या मुख्य फ्रिजमध्ये ठेवायला द्यावा आणि कोणाकडे दिला त्याचे नाव टिपून घ्यावे. औषधाचे कारण सांगितल्यावर अशी विनंती सहसा नाकारली जात नाही. मिनी बार रिकामा करून हवा असेल, तरी वस्तू स्वतः न हलवता रिसेप्शनला सांगावे. कर्मचारी येऊन माल काढतो आणि संवेदकाचा प्रश्नच मिटतो.

फ्रिजमध्ये ठेवलेली वस्तू निघताना हमखास विसरते, कारण कपाट, न्हाणीघर, पलंगाखाल सगळे तपासले जाते आणि हे दार बंदच राहते. औषध आत ठेवताना पाकिटावर किंवा बॅगेच्या मुठीला एक चिठ्ठी बांधून ठेवावी. बॅग उचलताना ती हाताला लागते.