सोवेटो दाखविणारे

आमच्या पिढीच्या इंदूरकर मराठी घरांत गाव दाखविणे हा पाहुणचाराचाच भाग मानला जाई. पुण्याहून, बडोद्याहून, ग्वाल्हेरहून कोणी आले की सकाळी राजवाडा, मग कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, उन्हे कलल्यावर लालबाग आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस, हा क्रम ठरलेला. परदेशीपुऱ्याकडे, गिरणी कामगारांच्या चाळींकडे आम्ही कधी कोणाला नेले नाही. हुकूमचंद मिल १९९१ साली बंद पडली, हजारो घरांची मिळकत गेली. तोही इंदूरचाच इतिहास होता. पण 'तिकडे पाहण्यासारखे काय आहे?' या एका वाक्यावर आमचा विषय संपत असे. जोहान्सबर्गला गेलो नसतो, तर हे वाक्य आम्हाला कधी खटकलेही नसते.

काही वर्षांपूर्वी तेथे नोकरीस असलेल्या एका आप्ताकडे आम्ही उभयता महिनाभर राहिलो. सोवेटो पाहण्याची इच्छा बोलून दाखविताच त्याने बजावले, की आपल्या मोटारीने हिंडू नका, तिथलाच गाइड घ्या. त्याप्रमाणे ऑर्लँडो वेस्टमध्ये जन्मलेला, पन्नाशीचा एक गृहस्थ आम्हाला न्यावयास आला. त्याने आम्हाला पहिल्या क्षणापासून 'बाबा' आणि 'मामा' म्हणून हाक मारली. झुलू भाषेत बाबा म्हणजे वडील आणि मामा म्हणजे आई. सौभाग्यवतींना आपण 'मामा' झाल्याचे हसू आवरेना. गाडीतून उतरण्यापूर्वी त्याने एकच अट घातली : कॅमेरा पिशवीत ठेवायचा आणि समोर येणाऱ्याला आधी अभिवादन करायचे. 'सावुबोना' हा तो शब्द. त्याचा मूळ अर्थ 'आम्ही तुम्हाला पाहिले' असा. समोरचा 'येबो', म्हणजे 'होय', असे उत्तर देतो. तुम्ही मला पाहिलेत हे मला मान्य आहे, असे जणू त्याने म्हटल्यावरच पुढचे पाहणे सुरू व्हावयाचे.

हे सांगण्याचे कारण असे, की सोवेटो पाहावयास माणसे नेण्याची प्रथा नवी नाही. पण ती सुरू झाली तेव्हा हे अभिवादन तीत नव्हते. १९६०च्या दशकात जोहान्सबर्ग नगरपालिकेच्या 'नॉन-युरोपियन अफेअर्स' खात्यामार्फत परदेशी पाहुण्यांसाठी तेथे बसच्या सहली निघत. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शिरण्यास गोऱ्यांना एरवी परवाना लागे. या सहलींत पाळणाघरे, शाळा, दवाखाने आणि सरकारने बांधलेली नवी घरे दाखविली जात. १९५६ साली अर्नेस्ट ओपनहायमर यांच्या पुढाकाराने खाणकंपन्यांकडून घरबांधणीसाठी तीस लाख पौंडांचे कर्ज मिळाले होते. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला मनोरा हेही एक ठिकाण असे. दाखविणारा अधिकारी, पाहणारा पाहुणा आणि मधे बसची काच. घरात राहणाऱ्याने बोलावे अशी सोय कोठेच नव्हती. १९७३ मध्ये वस्तीचा कारभार वेस्ट रँड ॲडमिनिस्ट्रेशन बोर्डाकडे गेला, आणि १९७६च्या जूनमध्ये विद्यार्थ्यांनी पेटविलेल्या इमारतींत या बोर्डाच्या कचेऱ्या आणि सरकारी बिअरगृहे अग्रभागी होती. त्या बिअरगृहांच्या नफ्यातूनच वस्तीचा बराच खर्च भागविला जाई, हे बसमधल्या पाहुण्यांना कोणी सांगत असेल असे आम्हास वाटत नाही.

काच प्रथम फोडली ती रहिवाशांनीच. १९८५ साली, आणीबाणीच्या धामधुमीत, जिमी न्तिंतिली यांनी 'फेस टू फेस' या नावाने सहली सुरू केल्या. नावातच सर्व आले : समोरासमोर. १९९४ नंतर अशा गाइडांची संख्या पुष्कळ वाढली. कोणी पायी नेते, कोणी सायकलीवरून. आज दक्षिण आफ्रिकेत गाइडाला कायद्याने नोंदणी करावी लागते. पण नोंदणीने वाटा ठाऊक होत नाहीत. आमच्या गाइडाने मिनिबस टॅक्सी कशी थांबवावी हेही शिकविले. तर्जनी वर केली की 'शहराच्या मध्यभागी जावयाचे आहे' असा अर्थ. बाकीच्या ठिकाणांच्या खुणा वेगळ्या. पुस्तकात न सापडणारी ही लिपी तिथली पोरेदेखील वाचतात.

विलाकाझी मार्गावर गर्दी असते. नेल्सन मंडेला (१९९३) आणि डेस्मंड टुटू (१९८४) या दोन नोबेल पुरस्कार विजेत्यांची घरे एकाच रस्त्यावर आहेत, म्हणून सर्व बसगाड्या तेथे येतात. मंडेलांचे ८११५ क्रमांकाचे घर १९४५चे, विटांचे, इवलेसे. १९४६ मध्ये ते तेथे राहावयास आले आणि सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासानंतर १९९० साली परतले ते जेमतेम अकरा दिवसांसाठी. परंतु आमच्यासारख्या वाङ्मयप्रेमी माणसाला अडखळविले ते रस्त्याच्या नावाने. बेनेडिक्ट वॉलेट विलाकाझी हे झुलू कवी आणि कोशकार. विटवाटर्सरँड विद्यापीठात शिकविणारे पहिले कृष्णवर्णीय. १९४६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले. सी. एम. डोक यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला झुलू-इंग्रजी कोश १९४८ साली प्रसिद्ध झाला. जगातील सर्वात गाजलेल्या रस्त्यांपैकी एकाला कोशकाराचे नाव आहे, ही गोष्ट आमच्या मंडळाच्या सभासदांना निश्चित सुखावेल.

तेथून थोड्याच अंतरावर हेक्टर पीटरसन संग्रहालय आहे. १६ जून १९७६ रोजी शाळकरी मुलांनी मोर्चा काढला तो भाषेवरून : गणित, समाजशास्त्र यांसारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकविण्याचा हुकूम निघाला होता. शिक्षकांनाही ती भाषा धड येत नव्हती. ऑर्लँडो वेस्टमध्ये पोलिसांनी गोळीबार केला. पंधरा वर्षांचा हेस्टिंग्ज न्द्लोवू आणि बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन त्यात गेले. हेक्टरला हातांवर घेऊन धावणारा मुलगा आणि सोबत आक्रोश करणारी बहीण, हे सॅम नझिमा यांनी टिपलेले छायाचित्र जगभर पोहोचले. उचलणारा म्बुयिसा मखुबू देश सोडून पळाला. १९७८ मध्ये नायजेरियातून आलेल्या पत्रानंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. बहीण अँटोनेट सिथोले पुढे याच संग्रहालयात येणाऱ्यांना ती हकिकत सांगू लागल्या. २००२ साली उघडलेल्या त्या वास्तूत आम्ही बराच वेळ होतो. शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न काय असतो हे बेळगावच्या आमच्या स्नेह्यांना सांगावयास नको; तुलना मात्र आम्ही करीत नाही, तेथील किंमत वेगळीच होती.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. पिमव्हिलमधून जाताना गाइड म्हणाला, "बाबा, सोवेटोची सुरुवात तुमच्या लोकांपासून होते." आमची मान ताठ झाली. मार्च १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या 'कुली लोकेशन' या भारतीयांच्या वस्तीत प्लेगचा उद्रेक झाला. गांधीजींनी, डॉक्टर गॉडफ्रे आणि मदनजित यांच्यासह, एका रिकाम्या दुकानाचे कुलूप तोडून तेथे तेवीस रुग्णांची शुश्रूषा केली. पुढे नगरपालिकेने ती वस्ती रिकामी करून जाळली आणि रहिवाशांना आगगाडीने शहरापासून सुमारे तेरा मैलांवर क्लिपस्प्रुटच्या माळावर तंबूंत नेऊन ठेवले. शेजारी शहराच्या मैल्याचे शेत होते. तीच क्लिपस्प्रुटची वस्ती, १९३४ पासून पिमव्हिल. पुढे १९३० च्या दशकात ऑर्लँडो आणि इतर वस्त्या उभ्या राहिल्या, आणि १९६३ साली 'साउथ वेस्टर्न टाउनशिप्स'ची आद्याक्षरे जोडून सोवेटो हे नाव पडले.

गांधीजींच्या शुश्रूषेची गोष्ट आम्ही मोठ्या उत्साहाने त्याला सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली; त्याला ती ठाऊक होती. मग म्हणाला, "तंबूंतून तुमची माणसे काही दिवसांत शहराकडे परत गेली. आमची मैल्याशेजारीच राहिली. त्याबद्दल तुमच्या पुस्तकात काय लिहिले आहे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. इंदूरला परतल्यावर गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचा तो खंड मागवून चाळला. प्लेगच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी १९०४ मध्ये, त्यांनी शहराचे आरोग्याधिकारी डॉ. पोर्टर यांना लिहिलेले पत्र त्यात आहे. वस्तीतली गर्दी व घाण यांबद्दलचा इशारा तीत आहे आणि तो खरा ठरला. पण त्याच पत्रात भारतीयांच्या वस्तीत आफ्रिकी लोकांना आणून घालण्यास कडाडून विरोध आहे, आणि त्यांच्यासाठी तेव्हाचा हेटाळणीचा शब्दही आहे. गांधीजी पुढे बदलले, हे आम्ही जाणतो. तरी पत्र आहे ते आहे. ज्या कथेचा आम्ही अभिमानाने उल्लेख केला, तिचे अर्धे पान आम्ही वाचलेच नव्हते. आणि ते उलटावयास आम्हाला एका टाउनशिपच्या गाइडाने लावले.

न्यायाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. १९५०च्या ग्रुप एरियाज कायद्याने जोहान्सबर्गचे भारतीयही उखडले गेले; सोवेटोच्या दक्षिणेस लेनेशिया त्यांच्यासाठीच वसविली गेली. केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र वस्तीचा भाग फेब्रुवारी १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव झाला आणि साठ हजारांवर माणसे हलविली गेली. रत्नागिरी-कुलाब्याकडून केप टाउनला गेलेल्या कोकणी मुसलमान घराण्यांनाही या कायद्याची झळ लागली. १९९४ पासून तेथील जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये जे संग्रहालय आहे, त्याच्या जमिनीवर मोहल्ल्याचा नकाशा अंथरला आहे, आणि परतून आलेले रहिवासी आपले घर जेथे होते तेथे नाव लिहितात. दाखविणारेही बहुधा तेच.

या सहलींवर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. क्लिपटाउनच्या चौकात २६ जून १९५५ रोजी 'फ्रीडम चार्टर' संमत झाला. वॉल्टर सिसुलूंच्या नावाने सजविलेल्या त्या चौकाची अलीकडे दुर्दशा झाली आहे, आणि रूळ ओलांडला की पत्र्याच्या झोपड्यांना सामाईक नळच आहे. तेथून जाताना आपण गरिबी पाहण्याचे पैसे दिले की इतिहास ऐकण्याचे, हा प्रश्न आम्हास सुटला नाही. धारावीत २००५-०६ पासून निघणाऱ्या सहलींबाबतही मुंबईत हाच वाद झाला. तेथेही छायाचित्रांना मनाई केली गेली. गाइडाला विचारले, तेव्हा तो इतकेच म्हणाला, की बसमधून पाहून जाणारे त्याच्या आईच्या दारातल्या मगविन्या विकत घेत नाहीत. मगविन्या म्हणजे कणकेचे तळलेले गोळे. आपल्या गुलगुल्यांचे बिनगोडाचे भावंड. आम्ही सहा घेतल्या. पैसे म्हातारीने मोजून घेतले आणि एक वर दिली.

गेल्या हिवाळ्यात बडोद्याचे व्याही आले. राजवाडा, छत्र्या झाल्यावर आम्ही त्यांना परदेशीपुऱ्याकडे नेले. तेथे हुकूमचंद मिलच्या साळखात्यात तीस वर्षे काढलेले एक वृद्ध गृहस्थ ओट्यावर बसले होते. आम्ही नमस्कार केला. पाळी बदलण्याचा भोंगा, त्यावर घरोघर चढणारे पिठले आणि तो भोंगा थांबल्यानंतरचे पहिले काही दिवस, यांविषयी ते अंधार पडेपर्यंत बोलत होते.