नरसीचे कीर्तन आणि जानेवारीचा प्रार्थनासप्ताह

कयाधू नदीच्या परिसरातील, आज हिंगोली जिल्ह्यात मोडणारे आणि 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेले नरसी हे गाव मराठवाड्याची परंपरा संत नामदेवांचे जन्मस्थान मानते. आणि शके 1192 मध्ये, म्हणजे इ. स. 1270 मध्ये, जन्मलेल्या या शिंपी संताने घातलेली वाट पंढरपुरापाशी न थांबता पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचली व त्यांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली, हे सर्वांस विदित आहे. त्याच पंजाबातून पाच शतकांनंतर नववर्षाच्या प्रार्थनेची एक हाक निघाली आणि ती महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांपर्यंत आली, हे मात्र थोड्यांच्या स्मरणात आहे.

या मुलखात वर्षारंभ एकच असा कधी नव्हता. शेतकऱ्याचे वर्ष चैत्री पाडव्याला उघडे, सरकारी दप्तरातील महसुलाचा हिशेब फसली सनाने चाले, आणि वारकऱ्याचा काळ आषाढी-कार्तिकीच्या वारीने मोजला जाई. यांत पहिली जानेवारी इंग्रजी अमलाबरोबर आली. परंतु ख्रिस्ती समाजाने तिला कचेरीची तारीख म्हणून न स्वीकारता उपासनेचा दिवस म्हणून स्वीकारले. अठराव्या शतकात जर्मनीतील मोरावियन बांधवांनी आणि त्यांच्यामागून इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी रूढ केलेली जागरणाची उपासना मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आली. डिसेंबरच्या शेवटच्या रात्री एकत्र जमावे, सरत्या वर्षातील कृपेबद्दल आभार मानावेत, कोणी उठून आपली साक्ष द्यावी, मानवी आयुष्याची क्षणभंगुरता सांगणारे नव्वदावे स्तोत्र वाचावे आणि बाराच्या ठोक्याला प्रार्थनेत राहूनच नव्या वर्षात प्रवेश करावा, हा प्रघात मराठी मंडळ्यांनी आपलासा केला.

याच्या जोडीला जो प्रार्थनासप्ताह आला, त्याचा उगम मात्र याच देशातला. 1857 च्या उठावाने देश होरपळून निघाला होता, आणि त्या वणव्यात लुधियानाच्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचेही सहकारी बळी पडले होते. अशा काळात, 1858 च्या अखेरीस, त्या मिशनने जगभरच्या ख्रिस्ती जनांस आवाहन केले, की जानेवारी 1860 च्या दुसऱ्या सोमवारपासून आठवडाभर सर्वांनी एकाच हेतूने प्रार्थना करावी. इव्हँजेलिकल अलायन्स या संस्थेने ही सूचना उचलून धरली आणि तो सप्ताह पुढे दरवर्षी देशोदेशी पाळला जाऊ लागला. आपले दुःख ताजे असताना ज्यांनी साऱ्या जगासाठी प्रार्थना मागितली, त्यांची आशा ऐन सुखाच्या दिवसांत उपजलेली नव्हती. तिचे मोल येथेच आहे.

त्याच इव्हँजेलिकल अलायन्सच्या 1873 मधील न्यूयॉर्क येथील परिषदेत मराठवाड्याचा एक प्रतिनिधी उपस्थित होता. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून जालन्यास कार्य उभारले. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्यानजीक बेथेल नावाची वसाहत वसविली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवण्यात आले होते अशा कुटुंबांना तेथे शेत, शाळा आणि प्रार्थनामंदिर लाभले. नववर्षाची आशा म्हणजे पुढे काही बरे घडेल अशी नुसती अपेक्षा नव्हे, तर त्या बऱ्यासाठी आजच जमीन नांगरणे होय, असा अर्थ त्यांच्या कृतीतून निघतो.

राहिला प्रश्न वाणीचा. अहमदनगर येथे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजविली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ती फुलविली आणि ‘अभंगांजली’ रचून संतांच्या छंदात ख्रिस्तभक्ती गायिली. तुकोबांच्या वाणीने आपणांस ख्रिस्तापर्यंत आणले, हे ते कृतज्ञतेने सांगत. परंतु अभंग आणि कीर्तन यांचे जे साधन तुकोबांच्या हाती आले, ते नामदेवांनी घडविलेले होते; म्हणून या ऋणाचा माग काढीत गेले, की तो नरसीपाशी येऊन ठेपतो. आज उपासनासंगीतातील टिळकांचे एखादे पद मंडळी टाळमृदंगावर गातात, तेव्हा नरसीच्या संताने सामान्य जनांच्या मुखी दिलेली भक्तीची भाषाच त्यांच्या आशेला स्वर देत असते.

ख्रिस्ताचे सत्य मराठी मनास परके वाटावे असे काही कारण नाही. त्याला परकी भाषा लाभली, तरच ते परके वाटते. म्हणून मराठी मंडळ्यांस माझी कळकळीची विनंती आहे, की जानेवारीच्या प्रार्थनासप्ताहातील निदान एक संध्याकाळ कीर्तनास द्यावी, तीत लुधियानाच्या, जालन्याच्या आणि नगरच्या पूर्वसूरींबरोबर नरसीच्या नामदेवांचेही कृतज्ञ स्मरण करावे, आणि प्रार्थनेत आपल्या घराआधी ज्यांचे नवे वर्ष कष्टाचे आहे अशा शेजाऱ्याचे नाव घ्यावे.