जपलेला हात
स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला विसाव्या शतकात बराच काळ एक ताकीद हमखास मिळे: त्या बाजूच्या हाताने जड काही उचलायचे नाही, बाजाराची पिशवीसुद्धा नाही. ताकीद काळजीपोटी दिलेली असे आणि तिच्यामागे तर्कही होता. पण तर्क पटण्याजोगा असणे वेगळे आणि तो तपासून पाहिलेला असणे वेगळे. हा तर्क तपासायला फार उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत बायकांच्या हातांनी मोजली, असे माझे म्हणणे आहे.

भीतीचे मूळ शस्त्रक्रियेतच होते. बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या जात, आणि पुढे कित्येक दशके हीच पद्धत प्रमाण मानली गेली. काखेतल्या ग्रंथी गेल्या की लसद्रवाचा निचरा अडतो, हात सुजू शकतो. ही सूज एकदा आली की सहसा पुरती जात नाही. मेहनतीने हाताचा रक्तपुरवठा वाढेल, द्रव साचेल, म्हणून मेहनतच नको, असा हिशेब मांडला गेला. त्यात स्नायूंची दुसरी बाजू मात्र सुटली. स्नायू आखडतो-सैलावतो तेव्हा लसद्रव पुढे ढकलला जातो. शिवाय वर्षानुवर्षे जपलेला हात इतका दुबळा होतो की रोजचे साधे ओझेही त्याला पेलवत नाही.

या चौकटीला पहिला धक्का रुग्णांकडूनच बसला. न्यूयॉर्कच्या टेरीस लासर यांच्यावर १९५२ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्या इतर रुग्ण बायकांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या. सोबत नेत एक रबरी चेंडू आणि दोरीचा तुकडा: चेंडू मुठीत दाबायचा, दोरीच्या आधाराने हात हळूहळू वर न्यायचा. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९९६ साली क्रीडावैद्यक डॉन मॅकेंझी यांनी याहून धाडसी पाऊल उचलले. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या २४ बायकांना आधी व्यायामाने तयार करून त्यांनी ड्रॅगन बोट ही लांब होडी वल्हवायला बसवले. वल्हवण्याचा बराच भार दंड आणि खांद्यांवर येतो. तरीही एकीलाही नव्याने सूज आली नाही, आणि जिला आधीपासून होती तिची वाढली नाही.

यावर आक्षेप रास्त आहे. २४ जणी, त्याही आपणहून आलेल्या, आणि तुलनेला दुसरा गट नाही. एवढ्यावर नियम बदलता येत नाही. पण हाच निकष बंदीला लावला, तर तिच्या बाजूने तेवढाही पुरावा नव्हता. तुलनेची चाचणी कॅथ्रिन श्मिट्झ यांनी अमेरिकेत केली. हाताला सूज असलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्या वर्षभर आठवड्यातून दोनदा वजने उचलत होत्या. २००९ मधल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यापैकी १४ टक्के जणींचा त्रास बळावला. वजने न उचलणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होते.

यावरून कुणीही उठून वजने उचलावीत असे ठरत नाही. त्या बायका दाबपट्टा घालून, सुरुवातीला प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हलक्या वजनापासून बेताबेताने वर गेल्या होत्या. कर्करोग हाडांत पसरलेला असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर व्यायाम वेगळा ठरवावा लागतो. सावधगिरी हवीच, पण ती समोरच्या रुग्णाच्या प्रकृतीवरून ठरावी. सरसकट मनाई म्हणजे सावधगिरी नव्हे. आणि प्रश्न केवळ हाताचा नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचारांनंतर तीन वर्षे आखीव व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी ९०.३ टक्के हयात होते, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३.२ टक्के. म्हणून ‘आराम करा’ हा सल्लासुद्धा औषधासारखाच तोलूनमापून द्यायला हवा, कारण त्याचेही दुष्परिणाम असतात.