सांताक्रूझहून निघालेली विमाने आणि बंद पडणारे इंजिन
8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्याची चार पिस्टन इंजिने ही दीर्घ प्रवासाची गरज मानली जात होती. एखादे इंजिन बिघडल्यास वैमानिक त्याचा इंधनपुरवठा तोडून पंख्याची पाती वाऱ्याच्या दिशेला समांतर करीत. या ‘फेदरिंग’मुळे हवेचा अवरोध घटून उरलेल्या इंजिनांवरचा भार कमी होई. जेट विमानांत अशी पाती नसल्याने सुकाणूने एका बाजूचा ओढा सावरणे, कमी उंचीवर उतरणे व सोयीचा विमानतळ गाठणे यांवर भर आला.

मात्र इंजिन बंद पडणे आणि फुटणे यांतील फरक 12 ऑक्टोबर 1976 रोजी मुंबईत भीषणपणे स्पष्ट झाला. मद्रासकडे झेपावलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानातील एका इंजिनाची काँप्रेसर-चकती धातूच्या थकव्याने, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणातून वाढलेल्या तड्याने, फुटली. तिच्या तुकड्यांनी इंधननळी तुटून आग लागली, हायड्रॉलिक द्रव संपून नियंत्रण गेले आणि विमानातील सर्व 95 जण मृत्युमुखी पडले.

एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या इंजिनावर 60 मिनिटांत विमानतळ गाठता येईल इतक्याच अंतरात दोन इंजिनांच्या विमानांनी राहावे, हा 1953चा अमेरिकी नियम पुढे इंजिनांची विश्वासार्हता वाढल्याने शिथिल झाला: 1985 मध्ये मर्यादा 120 आणि 1988 मध्ये 180 मिनिटांपर्यंत वाढली, आणि महासागर ओलांडण्यासाठी दोनपेक्षा अधिक इंजिनांची गरज उरली नाही.