मल्लखांबाची शिक्षणपरंपरा : अढीपासून प्रात्यक्षिकापर्यंत

मल्लखांब आज प्रेक्षणीय क्रीडाप्रकार म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु त्याचा उगम प्रेक्षकांसाठी झालेला नाही. खांब हा मल्लाचा मूक प्रतिस्पर्धी होय. पकड, ताण, चपळता आणि तोल यांचा सराव जोडीदाराच्या अभावीही करता यावा, हे त्याचे मूळ प्रयोजन. बाराव्या शतकातील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा निर्देश आढळतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) या विद्येचे पुनरुज्जीवन केल्याचे श्रेय बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान त्यांनी स्वीकारल्याची कथा परंपरेने जपली आहे. तिचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून ग्राह्य धरता येत नसला, तरी खांब कुस्तीच्या तयारीसाठी होता, ही तिच्यातील जाणीव महत्त्वाची आहे.

या प्रयोजनातूनच शिक्षणाचा क्रम सिद्ध झाला. पुरलेला खांब बहुधा सागवानी किंवा शिसवी असतो. तो बुडाशी जाड व वर निमुळता होत जातो, आणि अंग, मान व बोंड असे त्याचे तीन भाग मानले जातात. जमिनीवरील त्याची उंची सुमारे २.६ मीटर असते. त्यावर एरंडेल चोळतात, कारण अंग खांबाला चिकटूनही चालत नाही आणि निसटूनही चालत नाही. नवशिक्याला प्रथम अढी शिकवितात. डोके खाली व पाय वर अशा स्थितीत मांड्यांच्या पकडीने शरीर तोलून धरणे, हे अढीचे सार. ही पकड पक्की झाल्यावाचून तेढी, बगली, दसरंग, फिरकी यांकडे वळणे म्हणजे पायाविना भिंत उभारणे होय. चढण्याइतकेच उतरणेही शिकावे लागते. किंबहुना सुखरूप उतरता येणे हीच चढण्याची पात्रता. या बाबतीत तोलाच्या इतर क्रीडाही वेगळ्या नाहीत. १९९८ साली नागानो येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झालेल्या स्नोबोर्डिंगमध्येसुद्धा नवशिक्यास वेगाआधी पडावे कसे आणि थांबावे कसे, हे शिकवितात.

आखाड्यात या क्रमाचे रक्षण गुरूची नजर करीत असे. विसाव्या शतकात मात्र परिस्थिती पालटली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, तर दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये स्थापन झाले. एका गुरूभोवतीच्या मोजक्या शिष्यांची जागा शेकडो विद्यार्थ्यांनी घेतली, आणि विद्या सार्वजनिक झाली. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षी बडोद्याच्या द. चिं. मजुमदार यांच्या सचित्र ‘व्यायामज्ञानकोशा’चे प्रकाशन सुरू झाले; १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड पूर्ण झाले. एकाच वर्षी घडलेल्या या दोन घटना एकत्र पाहिल्यास संक्रमणाचे स्वरूप ध्यानात येते: एकीकडे विद्या प्रेक्षकांसमोर गेली, दुसरीकडे ती ग्रंथात आली.

प्रेक्षक उंची, वेग आणि मनोरे पाहून टाळ्या देतो. अढीतील मांडीची पकड त्याला दिसत नाही. म्हणून प्रात्यक्षिकाचे आकर्षण शिक्षणक्रमावर मात करण्याचा धोका नेहमीच असतो, आणि त्याचे मोल कोवळ्या विद्यार्थ्याच्या मानेला व मणक्याला द्यावे लागते. गुरूची नजर जेथे प्रत्येकावर पोचू शकत नाही, तेथे तिचे कार्य लिखित क्रम, गाद्या, प्रशिक्षित साहाय्यक आणि स्पर्धेचे नियम यांना करावे लागते. १९८१ मध्ये उज्जैन येथे राष्ट्रीय महासंघाच्या वतीने स्पर्धा भरल्या. अशा स्पर्धांतून नियमांना सर्वमान्यता लाभली. परंतु नियम कृतीचे गुण मोजतात, तयारीची वर्षे मोजत नाहीत.

मल्लखांबाच्या इतिहासाचा निष्कर्ष म्हणूनच शिक्षकाला उद्देशून आहे. प्रात्यक्षिक हे शिक्षणाचे फळ होय, साधन नव्हे. ज्या कृतीतून शिष्य स्वतःच्या बळावर सुखरूप खाली उतरू शकत नाही, ती लोकांसमोर दाखविण्यास तो अद्याप पात्र झालेला नाही.